चेहऱ्यावर नव्हे, रांजणावर नजर हवी

प्रति,
मा. संपादक,

विषय : सार्वजनिक आरोग्यासाठी कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

महोदय,

मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत सीसीटीव्ही कॅमेरे चौकाचौकांत लागले, परीक्षा केंद्रांवर लागले, रुग्णालयांच्या व्हरांड्यांतही लागले. या कॅमेऱ्यांना आता कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली, तर साथरोग, अस्वच्छता आणि रुग्णालयांतील हलगर्जी या सगळ्यांवर लक्ष ठेवता येईल, असा विचार अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्या बोलण्यात वरचेवर येऊ लागला आहे. आरोग्य खात्याच्या हिवताप विभागात उभी नोकरी केलेला माणूस म्हणून मी या विचाराचे स्वागतच करतो. परंतु कॅमेरा नेमका कशाकडे पाहणार आणि त्याने पाहिल्यानंतर कोण काय करणार, हे दोन प्रश्न यंत्रखरेदीच्या आधी सुटले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. कॅमेऱ्याने रोगाचे उगमस्थान पाहावे, सरकारी सेवेची स्थिती पाहावी, एक्स-रेवरील डाग पाहावा. नागरिकाचा चेहरा ओळखण्याचे काम मात्र आरोग्याच्या नावाखाली त्याच्याकडे सोपवू नये.

डेंग्यूपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर घराघरांत शिरणाऱ्या या आजाराचे मूळ बरेचसे पाणीटंचाईत आहे. एडिस इजिप्ती जातीची मादी साठवलेल्या पाण्याच्या भांड्यात, आतल्या ओलसर कडेला अंडी घालते, आणि उष्ण हवामानात अंड्यापासून उडणारा डास होईपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस जातात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावीत, हा आमच्या खात्याचा ‘कोरडा दिवस’ याच हिशेबावर बेतलेला आहे. परंतु ज्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, तिथल्या गृहिणीने भरलेला रांजण मध्येच ओतून द्यावा, असे सांगायला आरोग्य सेवकाची जीभ रेटत नाही. जायकवाडी उशाशी असूनही छत्रपती संभाजीनगरने असे दिवस वर्षानुवर्षे काढले आहेत, आणि लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या या मुलखात प्लास्टिकचे ड्रम, सिमेंटचे हौद, रांजण आणि टाक्या भरून ठेवल्यावाचून संसार चालत नाही, आणि डासाची पैदास नेमकी तिथेच होते.

कंटेनर सर्वेक्षण, म्हणजे पाण्याच्या भांड्यांतील अळ्यांचा शोध, कसे चालते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. रांजणाचे झाकण उचलून टॉर्चचा झोत सरळ पाण्यात टाकला, की पृष्ठभागाशी लोंबकळणाऱ्या अळ्या एकदम वळवळत तळाकडे जातात. हालचाल न करता थोडे थांबले, तर श्वासासाठी त्या पुन्हा वर येतात, आणि तेव्हा त्या नीट दिसतात. पाणी गढूळ असेल तर ते पांढऱ्या भांड्यात घेऊन उजेडात धरावे लागते. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, कुंडीखालची ताटली असे सगळे पाहून झाले की टेमीफॉस हे अळीनाशक टाकायचे किंवा हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे, दारालगतच्या भिंतीवर तारीख घालायची, आणि तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या त्यावरून हाऊस इंडेक्स काढायचा. यातली बहुतेक भांडी घराच्या आत, छपराखाली असतात. चौकातल्या खांबावरचा कॅमेरा कितीही प्रगत असला तरी मोरीतल्या रांजणापर्यंत त्याची नजर पोहोचत नाही. तिथपर्यंत आशाताई पोहोचतात, कारण त्या घरातल्या लहान मुलाला लस देण्यासाठीही त्याच बोलवायला आलेल्या असतात आणि घरातली माणसे त्यांना ओळखतात.

तरीही या कामात यंत्राचा उपयोग आहे, आणि तो करून घ्यायला हवा. झाकण नसलेल्या गच्चीवरच्या टाक्या, पंक्चरच्या दुकानामागचे टायरचे ढीग, अर्धवट सोडलेल्या बांधकामांची पाणी साचलेली तळघरे या गोष्टी ड्रोनने टिपलेल्या चित्रांतून संगणक वेचून काढू शकतो, आणि जे वॉर्ड पायी फिरून पाहायला पथकाला आठवडे लागतात, त्यांची प्राथमिक यादी त्याच्याकडून फार लवकर मिळू शकते. अळीचे किंवा डासाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र पाहून ती जात एडिस आहे की क्युलेक्स, हे सुचवणारी साधनेही तयार झाली आहेत. आंध्र प्रदेशाने २०२५ मध्ये काही महापालिकांमध्ये सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे डासांची घनता मोजण्याचा प्रकल्प जाहीर केला. या सगळ्यात कोणाचे नाव लागत नाही, आधार क्रमांक लागत नाही, चेहरा लागत नाही. एवढे मात्र खरे, की आपल्याकडे उन्हाळ्यात माणसे गच्चीवर झोपतात, बायका तिथे वाळवणे घालतात, पत्र्याच्या आडोशाला आंघोळी होतात. त्यामुळे ड्रोन कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी उडणार हे घंटागाडीच्या भोंग्यावरून आदल्या दिवशी सांगितले पाहिजे, आणि टाकीचे ठिकाण नोंदवून झाल्यावर मूळ चित्रण पुसले पाहिजे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. यंत्राने उघड्या टाक्यांची यादी दिली, ती आरोग्य निरीक्षकाच्या टेबलावर पोहोचली, आणि त्याच्याकडे फवारणीला माणूस नाही, टेमीफॉसचा साठा नाही, गप्पी माशांची पैदास केंद्रे ओस पडली आहेत, अशी स्थिती असेल तर त्या यादीने एकही रुग्ण कमी होणार नाही. आरोग्य सेवकांची पदे रिकामी राहतात, एकेका कर्मचाऱ्याकडे दोन-दोन उपकेंद्रांची गावे दिली जातात, हे ग्रामीण भागातल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. पाहण्याची क्षमता वाढली आणि करण्याची तेवढीच राहिली, तर प्रशासनाकडे न हाताळलेल्या इशाऱ्यांचा ढीग साचतो आणि पहिल्या साथीतच लोकांचा त्या यंत्रणेवरचा विश्वास उडतो. म्हणून डासांसाठी कॅमेरे घेणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने त्याच अंदाजपत्रकात टाक्यांच्या झाकणांसाठी, रिक्त पदांसाठी आणि पाण्याच्या दोन पाळ्यांतील अंतर कमी करण्यासाठी किती रक्कम ठेवली, हे शेजारच्याच रकान्यात छापावे.

संगणकाच्या नजरेने सार्वजनिक आरोग्याचे खरोखर भले होऊ शकते, याचा सर्वांत भक्कम पुरावा मला क्षयरोगाच्या कामात दिसतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले, की छातीचा एक्स-रे काढला नसता आणि केवळ खोकला, ताप, वजन घटणे या लक्षणांवर भिस्त ठेवली असती, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. एक्स-रे काढणे आता हातात धरता येण्याजोग्या यंत्रामुळे सोपे झाले आहे. अडचण ते वाचणाऱ्या तज्ज्ञांची आहे, कारण रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणीही पुरेसे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी संगणकाकडून एक्स-रे वाचून घेण्यास मान्यता दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत अशी यंत्रे आपल्या देशातही वापरली गेली.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संगणकाने ‘संशयित’ म्हटलेल्या माणसाला लगेच क्षयरुग्ण ठरवले जात नाही; त्याच्या थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासणी होते आणि मगच औषधे सुरू होतात. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण पाहून संगणक फसू शकतो, पण ती चूक दुसऱ्या टप्प्यावर पकडली जाते. शिवाय एक्स-रे काढणारा माणूस तिथे स्वतःहून आलेला असतो, आपले काय तपासले जात आहे हे त्याला माहीत असते, आणि आजार निघालाच तर मोफत औषधे आणि पोषणासाठी दरमहा १,००० रुपये हा त्याचा हक्क असतो. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात; एका पालात नवरा, बायको, मुले आणि एखादे म्हातारे माणूस दाटीवाटीने राहते, आणि खोकला महिनोन् महिने अंगावर काढला जातो, कारण एक खाडा झाला तरी त्याचा हिशेब उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेत, लागतो. टोळ्या गाड्यांवर बसण्याआधी मुकादमाच्या गावीच पोर्टेबल एक्स-रे पोहोचला, तर जो रुग्ण एरवी मार्च-एप्रिलमध्ये हाडांचा सापळा होऊन परततो, तो सहा महिने आधी सापडेल. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी म्हणून उभारलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संशयास्पद एक्स-रे पुन्हा वाचण्याची आणि यंत्राची अचूकता आपल्या लोकांच्या छातीवर तपासून पाहण्याची जबाबदारी त्याच्याकडे देता येईल. यंत्र कोणत्या मर्यादेला ‘संशयित’ म्हणणार, ही मर्यादा स्थानिक रुग्णांवर पडताळून ठरवावी लागते, ती कारखान्यात ठरून येत नाही.

याउलट गर्दीच्या जागी थर्मल कॅमेरे लावून तापाचे रुग्ण शोधण्याची कल्पना पाहा. करोनाच्या काळात आपण हे प्रयोग रेल्वे स्थानकांपासून मंगल कार्यालयांपर्यंत पाहिले. हा कॅमेरा त्वचेचे तापमान पाहतो, शरीराच्या आतले नाही. अचूक मापनासाठी एका वेळी एकच माणूस कॅमेऱ्यासमोर स्थिर उभा असावा आणि त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी तापमान घ्यावे, अशी या उपकरणांची शास्त्रीय अट आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना डोक्याला रुमाल गुंडाळून मोटारसायकलवरून आलेल्या शेतकऱ्याचे कपाळ त्या कॅमेऱ्याला काय सांगणार आहे? आता केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. आठवडी बाजारात १०,००० माणसे आली, त्यांपैकी ५० जणांना खरोखर ताप आहे, आणि यंत्र ताप असलेल्या १०० पैकी ९० जणांना ओळखते व ताप नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर सोडून देते, असे धरू. यंत्र ४५ आजारी माणसे पकडेल, पाच निसटतील. मात्र उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी जवळपास ५०० जणांना ते आजारी ठरवेल. म्हणजे बाजूला घेतलेल्या बारा जणांपैकी खरा रुग्ण एखादाच. एवढ्या लोकांची पुढची तपासणी करायला बाजारतळावर डॉक्टर कुठून आणणार, आणि त्यांचा बुडालेला बाजार कोण भरून देणार, याचे उत्तर यंत्र विकणारी कंपनी देत नाही, कारण तो प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नसतो.

मास्कच्या बाबतीतही दोन ठिकाणचे अनुभव शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पॅरिसच्या शातले मेट्रो स्थानकात मे २०२० मध्ये किती टक्के प्रवाशांनी मास्क घातला आहे, एवढेच मोजणारी संगणकीय यंत्रणा लावली होती. तिच्यातून दंड होणार नव्हता, चेहरा ओळखला जाणार नव्हता. तरीही प्रवाशाला नकार देण्याची खरी सोय नाही, असा आक्षेप फ्रान्सच्या माहिती संरक्षण यंत्रणेने घेतला आणि पुढच्याच महिन्यात तो प्रयोग थांबला. त्याच मे महिन्यात तेलंगणा पोलिसांनी मास्क न घालणाऱ्यांना शोधून कारवाई करण्यासाठी हैदराबाद परिसरातील कॅमेरे वापरणार असल्याचे जाहीर केले. तेलंगणातील चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेच्या वापराला पुढे तिथल्या उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. एका ठिकाणी नुसत्या मोजणीलाही हरकत, दुसऱ्या ठिकाणी थेट कारवाई. आपण कोणत्या वाटेने जाणार, हे महापालिकेच्या सभागृहात चर्चेने ठरले पाहिजे. निविदेच्या तांत्रिक जोडपत्रात ते परस्पर ठरून जाऊ नये.

चेहरा ओळखणारा कॅमेरा आपल्या गावांत याआधीच आला आहे, आणि तो आला आहे गरोदर बाईसमोर. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरपोच आहार देताना पोषण ट्रॅकर अॅपवर लाभार्थीचा चेहरा पडताळणे बंधनकारक करण्यात आले. त्याआधी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून नोंदणी करावी लागते. मराठवाड्यातल्या वस्तीवर याचा अर्थ काय होतो, हे मी जवळून पाहिले आहे. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असतो आणि तो फोन नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेलेला असतो. सेविका त्याला फोन लावते, तो फडात असतो, तो ओटीपी सांगेपर्यंत मुदत संपते. मग चेहऱ्याची पाळी येते. समाजमंदिराच्या अंधाऱ्या खोलीत उजेड पुरत नाही म्हणून नऊ महिन्यांची बाई उंबऱ्याबाहेर उन्हात उभी राहते, डोक्यावरचा पदर मागे सारते, डोळ्यांची उघडझाप करते, आणि नेटवर्क गेले की पुन्हा तेच करते. गरोदर आणि स्तनदा मातेला आहार मिळणे हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. खोट्या नावांवर आहार उचलला जातो ही तक्रार खरी असली, तरी तिच्यावरचा उपाय पुरवठ्याच्या साखळीत शोधायला हवा होता: पाकिटे किती निघाली, गोदामात किती पोहोचली, अंगणवाडीत किती उतरली, याची चित्रांवरून मोजणी संगणक सहज करू शकतो. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठ आहे, तिला आपली ओळख महिन्यामहिन्याला सिद्ध करायला लावून कुपोषण कमी होणार नाही. मागे गुडमॉर्निंग पथकांनी पहाटे उघड्यावर बसलेल्या माणसांचे फोटो काढले, तेव्हाही कॅमेरा असाच दुबळ्या माणसावर रोखला गेला होता, आणि त्याच्या घरी शौचालयाला पाणी आहे का, हे पाहायला तो गेला नव्हता.

नजर ठेवणाऱ्या यंत्राचा विवेकी वापर कसा असतो, याचे उदाहरण बाहेरून आणण्याची गरज नाही. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी जिल्ह्यातील सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवायला लावले होते. यंत्रावर झालेल्या तपासणीचे चित्रण त्यात साठते आणि तक्रार आली तर अधिकृत यंत्रणेला ते तपासता येते. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; २०११ मध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कायम ठेवला. त्या निकालातला एक तपशील आज विशेष लक्षात घेण्याजोगा आहे: हे चित्रण कोणत्याही सर्व्हरवर ऑनलाइन जात नाही, ते त्या यंत्रापुरतेच राहते, याची न्यायालयाने नोंद घेतली होती. आणि पाळत होती ती गर्भवतीवर नव्हे, यंत्र चालवणाऱ्यावर.

याच २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील १,००० मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी परळीच्या बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणाने मराठवाड्याची मान खाली गेली. त्यामुळे या विषयात कडक देखरेख हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही जे मशीन नोंदणीकृत आहे, त्यालाच असे उपकरण लावता येते. बॅगेत घालून वाडी-तांड्यांवर नेलेले बेकायदा पोर्टेबल मशीन पकडले जाते ते गावातल्याच कोणीतरी धाडसाने दिलेल्या माहितीवरून, आणि खटला टिकतो तो पंचनामा नीट झाला तर.

चित्रण साठवले की ते फुटण्याचा धोकाही साठतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयाच्या तपासणी खोलीतील स्त्रियांचे सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले, आणि त्या प्रकरणी अटक झालेल्यांत आपल्या लातूरचाही एक जण होता. सुरक्षेसाठी म्हणून लावलेला कॅमेरा त्या स्त्रियांच्या आयुष्यावर कसा उलटला, हे प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकाने लक्षात ठेवायला हवे. रुग्णालयात कॅमेरा हवा तो औषध भांडारात, ऑक्सिजन प्रकल्पापाशी, नवजात कक्षाच्या विजेच्या बोर्डापाशी. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बालके गेली, तिथे धुराची पहिली रेघ ओळखणारे यंत्र असते तर काही जीव वाचण्याची शक्यता होती. कर्मचारी हात धुतात की नाही हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अंतर मोजणारे सेन्सर वापरून ते करून दाखवले आहे. त्यात माणसाचा नुसता आकार दिसतो, चेहरा दिसत नाही. अर्थात आपल्याकडे आधी वॉर्डातल्या बेसिनला पाणी आणि शेजारी साबण हवा.

कायद्याचा आधार पुरेसा आहे, असे कोणी सांगेल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्या घालून दिल्या. त्याच निकालात हिवताप आणि डेंग्यू या साथींचा नाव घेऊन उल्लेख आहे: साथ समजून घेण्यासाठी रुग्णालयांतील नोंदींचा अभ्यास करण्यात शासनाचे रास्त हित असू शकते, आणि व्यक्तीची ओळख झाकून ठेवली तर त्या माहितीवर सार्वजनिक आरोग्याचे धोरण आखता येते, असे त्यात म्हटले आहे. मी वर जे मागितले आहे ते यापेक्षा वेगळे नाही. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात साथीच्या किंवा सार्वजनिक आरोग्यावरील संकटाच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवा देण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये आहे, आणि सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी शासकीय यंत्रणांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार कलम १७ ने केंद्राला दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या मुभेचा वापर गावपातळीवर कसा होतो, हे पाहणारे जवळपास कोणी नाही. म्हणून स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःहून आपले नियम करणे आवश्यक आहे.

यात्रांबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथे मतभेदाला फारशी जागा नाही. तुळजापूरचे नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, औंढा, परळी आणि वेरूळ येथील महाशिवरात्र अशा प्रसंगी एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसे दाटली की चेंगराचेंगरीचा धोका झपाट्याने वाढतो. ती घनता वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यावरून संगणक मोजू शकतो आणि बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या पोलिसाला वेळेवर सांगू शकतो. डोकी मोजायची, नावे नकोत. चित्रण तीन दिवसांत पुसावे, एवढी अट पुरे.

तेव्हा माझी मागणी अशी आहे, की आरोग्याच्या कारणासाठी कॅमेरे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने निविदा काढण्याआधी तिचा मराठी मसुदा ग्रामसभेसमोर किंवा सर्वसाधारण सभेसमोर ठेवावा. त्यात यंत्र काय पाहणार, चित्रण कुठे आणि किती दिवस राहणार, पोलिसांना किंवा खासगी कंपनीला ते मिळणार का, चूक झाल्यास नागरिकाने कोणाकडे जायचे आणि इशाऱ्यावर कार्यवाही करणारा अधिकारी कोण, हे स्पष्ट लिहिलेले असावे. दर महिन्याला यंत्राने किती इशारे दिले, त्यांपैकी किती खरे निघाले आणि किती प्रकरणांत प्रत्यक्ष काम झाले, याचा तक्ता कार्यालयाच्या फलकावर लागावा. अंगणवाडीत चेहरा जुळला नाही म्हणून कोणत्याही मातेचा आहार थांबणार नाही, असा लेखी आदेश महिला व बालविकास विभागाने काढावा आणि तो प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर लावावा, म्हणजे सेविकेलाही आपली नोकरी जाईल या भीतीपोटी बाईला परत पाठवावे लागणार नाही.

यातली एक गोष्ट मात्र सभा आणि मसुदे यांसाठी थांबू शकत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याची वेळ दरवर्षी ठरलेली असते आणि कोणत्या गावातून किती कोयते, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, जातात, हे मुकादमांकडे आणि साखर कारखान्यांकडे नोंदलेले असते. येत्या हंगामाआधी संगणकाची जोड असलेले पोर्टेबल एक्स-रे कोणत्या तालुक्यांत, कोणत्या तारखांना फिरणार आहेत, याचे वेळापत्रक आरोग्य विभागाकडून मिळवून आपल्या वृत्तपत्राने ते गावनिहाय छापावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक,
जि. परभणी